हवा बदलली की मांजराला तीच सर्दी परत परत होतेय? आधी हे तपासा

हवा बदलली की मांजर शिंकायला लागतं, एका डोळ्यातून पाणी, मग दोन्ही, मग नाक चोंदतं, मग जेवणाकडे ढुंकूनही बघत नाही, डॉक्टरकडून औषध आणलं की आठ-दहा दिवसांत बरं आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं तेच. बरं मांजर घराबाहेर पाऊल टाकत नाही, लसी झाल्यात, घरातलं दुसरं मांजर ठणठणीत. मग ही सर्दी येते कुठून? हा प्रश्न इतक्या जणांना पडलेला असतो आणि उत्तरं इतकी तुटक मिळतात की म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढावं.

तर पहिली गोष्ट, बहुतेक वेळा ही नवी सर्दी नसतेच, जुनीच परत वर आलेली असते. मांजरांच्या सर्दीमागे मुख्यतः दोन व्हायरस असतात, हर्पिस आणि कॅलिसी (दोन्ही मांजरांचेच, माणसांना लागत नाहीत, त्यामुळे घरात लहान मूल आहे म्हणून घाबरू नका). हर्पिस मांजराला सहसा पिल्लू असतानाच लागतो, आईकडून किंवा जिथे खूप पिल्लं एकत्र असतात तिथून, आणि एकदा शिरला की पूर्ण जात नाही. चेहऱ्याच्या नसांच्या मुळाशी गपचूप पडून राहतो. लागण झालेल्या मांजरांपैकी साधारण ८० टक्के तो जन्मभर अंगात घेऊन फिरतात आणि ताण आला की तो परत जागा होतो. कॅलिसीचं वेगळं आहे, तो झोपत वगैरे नाही, वरवर बरं झालेलं मांजर कित्येक आठवडे, कधी कधी त्याहून खूप जास्त काळ तो लाळेतून आणि नाकातून बाहेर टाकत राहतं. त्यामुळे घरातल्या घरात राहणारं मांजर आजारी कसं पडलं, याचं उत्तर बरेचदा त्याच्या अंगातच असतं.

आता यातली सगळ्यात कामाची गोष्ट. मांजराला ताण आला आणि लगेच दुसऱ्या दिवशी शिंका सुरू झाल्या असं होत नाही, मधे साधारण आठवडा जातो, कुठे चार दिवस, कुठे दहा-अकरा. आपण मात्र कारण शोधतो कालचं. काल थंडी पडली, काल पाऊस आला, काल रात्री पंखा चालू राहिला. खरं कारण आठवडाभर मागे पडलेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षातच राहत नाही. म्हणून कॅलेंडर उलटं वाचायचं. पहिली शिंक कधी आली ती तारीख लिहा आणि तिथून एक ते दीड आठवडा मागे जाऊन बघा घरात काय झालं होतं. पाहुणे राहून गेले, फर्निचर हललं, रंगकाम झालं, तुम्ही गावाला गेलात आणि मांजर दुसरीकडे ठेवलं, नवीन मांजर आणलं, लिटरचा (मांजराच्या शी-शूच्या डब्यातल्या मातीचा) ब्रँड बदलला. ऋतू बदलताना यातलं बरंच काही एकदम होतं, सुट्ट्या, प्रवास, खोल्या बदलणं, खिडक्या बंद होणं, आणि नाव जातं हवेवर. हवेचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही, बंद खोलीत हवा खेळती राहत नाही, कोरड्या हवेत नाक आणखी सुकतं, पण नुसत्या हवेला धरून बसलं तर हातात काहीच उरत नाही, हवा काही आपल्याला बदलता येत नाही. घरातले बदल मात्र हातातले असतात.

आमच्या चिंगीचं असंच तारखा लावून बघितलं तेव्हा खिडकीतला बोका सापडला. दिवस मोठे व्हायला लागले की मांजरांचा माजाचा काळ सुरू होतो, बाहेरचे बोके फिरायला, भांडायला लागतात, आणि त्यातला एक नेमका आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसायचा. चिंगी आतल्या बाजूला पोट जमिनीला टेकवून, शेपटी अंगाला घट्ट गुंडाळून, कान आडवे करून तासन् तास त्याच्याकडे बघत राहायची, ना आवाज ना काही, त्यामुळे ती घाबरलीय हे बघणाऱ्याला कळलंच नसतं. काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला धूसर फिल्म लावली, तिची बसायची जागा वर कपाटावर केली, आणि त्या काळातल्या शिंका खूपच कमी झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत, हे पण सांगते, पण औषधापर्यंत जायची वेळ क्वचितच येते.

पण त्याआधी हे खरंच सर्दीचंच प्रकरण आहे ना ते बघून घ्या, कारण शिंक सगळ्यातच येते. हर्पिसमध्ये डोळे जास्त धरतात, डोळा लाल, बारीक केलेला, चिपडं, आणि कधी कधी बुबुळावर जखम होते. कॅलिसीमध्ये जिभेवर आणि टाळूवर फोड येतात, लाळ गळते, खायला जवळ येतं आणि तोंड लावून मागे सरकतं, काही मांजरं तर एकदोन दिवस लंगडतात सुद्धा. डोळ्यांच्या आतल्या पापण्या भरपूर सुजल्यात पण नाकाचं फारसं काही नाही, असं असेल तर क्लॅमिडिया असू शकतो, तो बॅक्टेरिया आहे आणि त्याला अँटिबायोटिक लागतंच. एकाच नाकपुडीतून सतत वाहतंय किंवा रक्त येतंय तर मात्र सर्दी म्हणून सोडून देऊ नका, गवताचं पातं अडकलेलं असतं, वरच्या दाताचं मूळ सडलेलं असतं, तरुण मांजरात पॉलिप (मऊ मांसाची वाढ) असतो, म्हाताऱ्या मांजरात गाठ. आणि मांजर जमिनीला चिकटून बसून, मान पुढे लांब काढून खोकतंय आणि शेवटी काहीच बाहेर पडत नाही, तर लोक त्याला केसांचा गोळा म्हणतात पण तो बरेचदा दमा असतो, धूळ, परागकण, धूर, धूळ उडवणारं लिटर यांनी वाढतो आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे असतात. असं दिसलं की मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. क्लिनिकमध्ये गेल्यावर मांजर कधीही खोकून दाखवत नाही.

घरी थांबायचं की निघायचं, हे ठरवताना मी तीन गोष्टी बघते. श्वास, जेवण, डोळा.

श्वास मांजर झोपलेलं असताना मोजायचा, छाती वर-खाली झाली की एक, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचा. शांत झोपेत मिनिटाला १५ ते ३० ठीक. सारखा ४० च्या वर जातोय किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेतंय तर वाट बघू नका, सरळ निघा. मांजराने कुत्र्यासारखी धाप टाकणं नॉर्मल नसतं.

जेवण २४ तास पूर्ण बंद असेल तर डॉक्टर. पिल्लू असेल तर एवढंही थांबू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साचून लिव्हरच बिघडतं, मग मूळ सर्दी राहते बाजूला आणि हे निस्तरायला महिना जातो. म्हणून "भूक लागली की खाईल" हे माणसांचं लॉजिक इथे लावू नका प्लीज.

डोळा पूर्ण मिटून ठेवलाय किंवा बुबुळ धुरकट दिसतंय तर त्याच दिवशी दाखवा. बाकी ताप म्हणाल तर मांजराचं नॉर्मल तापमान ३८.१ ते ३९.२ सेल्सिअस असतं, म्हणजे हाताला ते नेहमी गरमच लागतं, कान गरम लागले म्हणून ताप ठरवता येत नाही आणि नाक कोरडं आहे यावरून तर अजिबातच नाही.

हे तिन्ही ठीक आहे, मांजर थोडं मलूल आहे, शिंकतंय, पण खातंय, तर घरी करण्यासारखं बरंच आहे. मांजर वासावर जेवतं, नाक बंद म्हणजे समोर काय ठेवलंय तेच त्याला कळत नाही, म्हणून आधी नाक आणि मग वाटी हा क्रम ठेवा. कोमट पाण्यात मऊ सुती कापड किंवा गॉज भिजवून नाकपुडीवर नुसतं टेकवून ठेवायचं, खपली मऊ पडून आपोआप सुटते, नखाने ओढली की खालची कातडी सोलते आणि पुढच्या वेळी मांजर हात लावू देत नाही. डोळा आतल्या कोपऱ्यातून बाहेर असा पुसायचा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कपडा. मग बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून, दार लावून, त्या वाफेत दहा-पंधरा मिनिटं त्याच्याजवळ बसायचं, मांजर पाण्याजवळ न्यायचं नाही आणि वाफेत बाम, निलगिरी, कापूर, टी ट्री असलं काहीही टाकायचं नाही, ते मांजरांना विषारी असतं. बाहेर आल्यावर लगेच वेट फूड अंगाच्या तापमानाइतकं कोमट करून थोडंसंच द्या, वास उठतो आणि बरेचदा तेवढ्यानेच चाटायला लागतं. नाही खाल्लं तर वाटी उचला, दोन तासांनी परत ताजं. सिरिंजने जबरदस्ती डॉक्टरने दाखवल्याशिवाय करू नका, चोंदलेल्या नाकाच्या मांजराला गिळताना श्वास सांभाळणं जड जातं, ठसका लागून अन्न फुप्फुसात जाऊ शकतं, शिवाय त्या अन्नाचीच त्याला शिसारी बसते. भूक उघडायला औषधं मिळतात, कानाला लावायचं मलम सुद्धा आहे, ते डॉक्टरना विचारा.

औषधांबद्दल आता जरा कडक लिहिते कारण इथे जीव जातात. पॅरासिटामॉल मांजराला अजिबात नाही, अर्धी गोळी नाही, पाव नाही, लहान मुलांचं सिरप नाही. ते पचवून बाहेर टाकणारी यंत्रणा मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नसतेच, रक्त ऑक्सिजन वाहून नेणं थांबवतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. चुकून पोटात गेलं असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा, वेळेत पोचलात तर उतारा देता येतो. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन पण नको. मागच्या वेळचे उरलेले डोळ्याचे ड्रॉप्स पण नको, त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर हर्पिसची जखम असेल तर डोळा जाऊ शकतो. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक पण नको, व्हायरसवर ते चालतच नाही, वरून बॅक्टेरिया बसलेत, पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड, ताप, असं असेल तेव्हाच डॉक्टर देतात. डॉक्टरनी डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी दिली तर तिच्यामागून ५-६ मिली पाणी सिरिंजने गालाच्या कडेने हळूहळू पाजा किंवा लगेच थोडं खायला घाला, ती गोळी अन्ननलिकेत अडकली की आतून भाजते आणि नळी कायमची आक्रसते, हे मांजरांमध्ये खरंच होतं. आणि लायसिन, म्हणजे हर्पिससाठी दिलं जाणारं सप्लिमेंट. खूप जण वर्षानुवर्षं देतात, पण २०१५ मध्ये आधीच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला त्यात त्याचा उपयोग दिसला नाही, त्यामुळे त्याचे पैसे वाचवा. हर्पिस फारच त्रास देत असेल तर फॅमसायक्लोव्हिर नावाचं औषध मांजरांना चालतं, त्याबद्दल डॉक्टरशी बोला. माणसांची असायक्लोव्हिरची गोळी मात्र मांजरांना विषारी आहे.

आता व्हेटकडे नेण्याचं. हे मी औषधाइतकंच महत्त्वाचं मानते कारण ही ट्रिप हाच एक मोठा ताण असतो. वर्षाची तपासणी करून आणलं, आठवड्याने शिंका सुरू, आणि आपण म्हणतो क्लिनिकमधून लागण झाली किंवा लस बाधली. कधी तसं होतही असेल, नाकात टाकायच्या लसीने काही दिवस शिंका येतात सुद्धा, पण बरेचदा त्या प्रवासाच्या भीतीनेच आतला हर्पिस उठलेला असतो. मग परत क्लिनिक, परत भीती. हे चक्र तोडायचं तर सुरुवात कॅरियरपासून, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीपासून.

कॅरियर माळ्यावर ठेवू नका. तो कायम घरात, उघडा, आत त्याच्या वासाची चादर, मधूनमधून आत खाऊ. जिथे रोज झोपतं ती वस्तू बघून मांजर पळत नाही, वर्षातून दोनदा निघणारी बघून पलंगाखाली जातं. वरचं झाकण सुटं होणारा कॅरियर घ्या, डॉक्टर वरचा भाग काढून मांजराला खालच्या भागात बसल्या जागीच तपासू शकतात, ओढून काढावं लागत नाही. फेरोमोन स्प्रे (मांजराला शांत करणाऱ्या गंधाचा) वापरणार असाल तर मांजर ठेवायच्या १५ मिनिटं आधी कॅरियरमध्ये मारा, त्यातला अल्कोहोलचा वास उडू द्या. गाडीत कॅरियर पुढच्या सीटच्या मागे खाली पायापाशी ठेवा, हलत नाही. वरून टॉवेल. क्लिनिकमध्ये कॅरियर जमिनीवर ठेवू नका, कुत्री नाक लावतात, मांडीवर किंवा खुर्चीवर ठेवा. शिंकणारं मांजर नेत असाल तर आधी फोन करून सांगा, बरेच डॉक्टर थेट आत घेतात किंवा गाडीतच थांबायला सांगतात, बाकीच्यांच्या मांजरांसाठी पण ते बरं. आणि मांजर फारच घाबरट असेल, चावत-ओरबाडत असेल तर गॅबापेंटिनबद्दल विचारा, निघायच्या दोनेक तास आधी द्यायचं असतं, मांजर थोडं झिंगल्यासारखं चालतं पण भीती खरंच उतरते. डोस डॉक्टरच ठरवणार, वजनावर आणि किडनी कशी आहे त्यावर असतो.

आत गेल्यावर बोलायला कागद लिहून न्या, घाईत सगळं विसरतं. शिंका कधीपासून, शेवटचं कधी खाल्लं, याआधी कधी कधी झालं होतं त्या तारखा, कुठलं औषध दिलं आणि कशाने फरक पडला, आणि वजन. वजन दर आठवड्याला करत जा, आपण मांजर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजा करायचं, बारीकसं घटलेलं डोळ्याला दिसत नाही. डोळा धरला असेल तर बुबुळावर रंग टाकून जखम बघणार का, एवढं स्वतःहून विचारा. व्हायरसची पीसीआर टेस्ट प्रत्येक वेळी करायलाच हवी असं नाही, बरी असलेली मांजरंही पॉझिटिव्ह येतात त्यामुळे तिच्यावरून या वेळचं दुखणं त्याचंच आहे हे सिद्ध होत नाही.

घरी परत आणल्यावर दुसरं मांजर फिस्कारलं तर चकित होऊ नका. आलेल्याला क्लिनिकचा वास लागलेला असतो, ओळखीचा वास नाही म्हणजे परका. कॅरियर लगेच मधोमध उघडू नका, आलेल्याला वेगळ्या खोलीत ठेवा, स्वतःला चाटून-पुसून घेऊ दे, रात्र गेली की बहुतेक जमतं. तसंही शिंका असेपर्यंत भांडी, लिटर, अंथरूण वेगळंच हवं, आणि निरोग्याचं आधी करून मग आजाऱ्याचं करायचं, हात धुवायचे. हर्पिस घरातल्या वस्तूंवर एक दिवसही टिकत नाही पण कॅलिसी महिनाभर टिकू शकतो आणि साध्या साबणाने हटत नाही, एक भाग ब्लीचला ३२ भाग पाणी घेऊन पुसा, मग पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. फिनाईलसारखं पाण्यात दुधाळ होणारं काही वापरू नका, त्यातले फिनॉल मांजर पंजे चाटताना पोटात घेतं. नवीन मांजर आणलंत तर कितीही गोड असलं तरी दोन आठवडे वेगळ्या खोलीत.

लसींबद्दल थोडक्यात, हर्पिस-कॅलिसीची लस लागण पूर्ण रोखत नाही, आजार सौम्य करते, म्हणून लस असूनही शिंकतंय याचा अर्थ लस वाया गेली असा नाही. त्याच इंजेक्शनमध्ये पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या व्हायरल आजाराची लस असते आणि ती मात्र जीव वाचवते. पिल्लांना ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे होईपर्यंत देतात, शेवटचा डोस चुकवू नका, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीचे डोस निकामी करू शकते.

इतकं करूनही काही मांजरं बारा महिने थोडी सूंसूं करतातच. पिल्लू असताना हर्पिस जोरात झालेला असेल तर नाकाच्या आतली नाजूक हाडं आणि अस्तर कायमचं खराब होतं, तिथे सारखे बॅक्टेरिया बसतात. त्यांच्या बाबतीत वजन, भूक आणि खेळणं टिकून आहे का हे बघत राहा, शिंका मोजत बसू नका.

सर्दीशिवायच्या ऋतूंच्या गोष्टी पटकन. पिसवा दिसल्या तर अंगावरच्या मारून भागत नाही, अंडी, अळ्या, कोष घरात, गालिच्यात, गादीत पडलेले असतात, सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी किमान तीन महिने औषध आणि चादरी ६० अंशाच्या पाण्यात. कुत्र्याचं पर्मेथ्रिन असलेलं स्पॉट-ऑन (पिसवांसाठी कातडीवर टाकायचे थेंब) मांजराला लावू नका, झटके येऊन मरतात. उन्हाने धापलं, लाळ गाळतंय, तर साध्या गार पाण्याने अंग भिजवून पंख्याखाली आणि लगेच डॉक्टर, बर्फ नको.

आणि गारठ्यात पाणी कमी पितात त्याचं. बोका लिटरमध्ये सारखा जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, लिंग चाटतोय आणि लिटर कोरडंच आहे, तर ते बद्धकोष्ठ समजू नका, लघवी अडकलेली असू शकते. यामागेही बऱ्याच वेळा तोच ताण असतो, मूत्राशयाला सूज येते आणि नळी बंद होते, म्हणून लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, पाण्याची भांडी जेवणापासून लांब दोन-तीन ठिकाणी, लपायला जागा, हे सगळं त्यालाही लागू. पण अडकली असेल त्या दिवशी घरगुती काहीच करू नका, एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्र असली तरी फोन करून कोण उघडं आहे ते विचारा आणि निघा.